काढलेल्या कार्डाचा मुक्काम

हॉस्टेल म्हटलं की जुलैतला एक प्रसंग कोणालाही आठवावा. मागच्या वर्षीचा मुलगा पास होऊन, वळकटी बांधून, खानावळीची उधारी जमेल तेवढी चुकवून गावी गेलेला असतो. खोली रिकामी असते. पण रजिस्टरात खोलीसमोर नाव त्याचंच! नवा मुलगा ट्रंक घेऊन दारात उभा, आणि ऑफिसात उत्तर मिळतं, "ही खोली भरलेली आहे." आत तर उंदराशिवाय कोणी नाही. खोली खरी की रजिस्टर खरं, यावर मग अर्धा दिवस जातो.

कॉम्प्युटरच्या आतही असंच एक रजिस्टर असतं. त्यातून काढून टाकलेलं नेटवर्क कार्ड, जळालेला लॅन पोर्ट, कुठल्यातरी पोर्टात एकदाच लावलेला डोंगल, या सगळ्यांची नावं मुक्कामाला असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जागा अडवून बसतात. हे मला पुस्तकातून कळलं नाही, चुडाव्यात कळलं. म्हणून आधी तिथली हकीकत सांगतो, मग त्यामागची गोष्ट.

चुडावा हे परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं गाव. रेल्वेने पूर्णा सोडून नांदेडकडे निघालं की चुडावा लागतं, पुढे लिंबगाव. तिथे माझ्या मावसभावाचं छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, असं जे येईल ते. दुकानात दोन कॉम्प्युटर. आतल्या जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर-स्कॅनर जोडलेला. लोकांचे सातबारे, पासबुकं, आधार कार्डं तिथे स्कॅन होऊन एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडतात. बाहेर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर उघडून फॉर्म भरायचा. आतल्याचा पत्ता कायमचा ठरवलेला होता, १९२.१६८.१.१०. काउंटरवरच्या शॉर्टकटमध्ये हाच पत्ता लिहिलेला. व्यवस्था साधी होती आणि दोन-तीन वर्षं कोणाला तिची आठवणही आली नाही.

जून २०२४ मध्ये, मृगाच्या तोंडावर, एका रात्री गावात वीज कडाडली. दुकानावर पडली नाही, जवळपास कुठेतरी पडली. पण नेटची तांब्याची केबल छतावरच्या अँटेनापासून खाली येते. जवळ वीज पडली की अशा लांब तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो. लॅन पोर्टच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो साधारण १५०० व्होल्टपर्यंत अडवायचं काम करतो. विजेपुढे १५०० व्होल्ट म्हणजे काय! राउटर गेला, आणि राउटरला जोडलेला आतल्या कॉम्प्युटरचा लॅन पोर्टही गेला. मदरबोर्ड बाकी ठीक होता हेच नशीब.

दादाने नांदेडहून नवा राउटर आणि यूएसबीत लावायचा लॅन डोंगल आणला. डोंगल लावला, केबल खोचली, नेट सुरू झालं. पण काउंटरवरून कागद दिसेनात. आणि ते दिवस होते खरिपाच्या पीक विम्याचे. त्या हंगामात शेतकऱ्याला १ रुपया भरून अर्ज करता येत होता, त्यामुळे सकाळपासून दुकानासमोर रांग. दादा आत स्कॅन करून पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर यायचा, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला.

"नेट चालू आहे रे, पण कागद दिसंनात."

"आयपी टाकला का आतल्याला? शेवटी १० वाला?"

"टाकला की काल. आज सकाळी बघतो तर गायब. पुन्हा टाकायलो तर कायतरी लांबलचक इंग्रजीत विचारायलंय."

"वाच बरं."

त्याने अडखळत वाचलं. मराठीत त्याचा अर्थ असा: तुम्ही टाकलेला पत्ता दुसऱ्या एका अडॅप्टरला आधीच दिलेला आहे, तो अडॅप्टर सध्या कॉम्प्युटरमध्ये नाही, त्या गैरहजर अडॅप्टरची नोंद काढून टाकू का? दादाने 'नाही' दाबलं होतं. प्रश्न कळला नाही की माणूस 'नाही' म्हणतो, आणि दुकानदार तर नक्कीच म्हणतो. तसं पाहिलं तर कॉम्प्युटर इथे शहाणपणाचंच विचारत होता.

एक गोष्ट मात्र मला खटकली. जळालेल्या पोर्टची नोंद आडवी येते हे समजू शकतं. पण काल डोंगलला दिलेला पत्ता आज कसा गेला? डोंगल तोच, कॉम्प्युटर तोच. मी विचारलं, "डोंगल हलवला होता का?" तर म्हणाला, "हलवला म्हणजे, अंगठ्याचं मशीन पुढच्या पोर्टात लावायचं होतं म्हणून डोंगल मागं लावला. त्यानं काय होतंय?"

त्यानेच होतं! आता थोडं रजिस्टर उघडून पाहू.

विंडोज प्रत्येक वस्तूला दोन गोष्टींवरून ओळखतं. पहिली, ती वस्तू कोण आहे. पीसीआय कार्ड असेल तर कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर कार्डातच भरलेला असतो. रिअलटेकचा कंपनी नंबर १०ईसी. २००० नंतरच्या काळात असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांत सर्रास दिसणाऱ्या त्यांच्या कार्डाचा मॉडेल नंबर ८१३९, आणि पुढे मदरबोर्डवर आलेल्या गिगाबिट चिपचा ८१६८. दुसरी गोष्ट, ती वस्तू कुठे बसली आहे. एकाच मॉडेलची दोन कार्डं असतील तर वेगळी कशी ओळखायची? म्हणून कुठल्या बसवर, कुठल्या स्लॉटमध्ये, हेही ओळखीत धरलं जातं. म्हणजे मुलाचं नाव अधिक खोली नंबर, मिळून एक नोंद. तोच मुलगा १४ नंबरमधून २२ मध्ये गेला तर रजिस्टराच्या लेखी तो नवा मुलगा!

यूएसबीचं थोडं वेगळं आहे. यूएसबी वस्तूच्या आत स्वतःचा सिरियल नंबर असू शकतो. असला तर विंडोज त्यावरून ओळखतं, मग कुठल्याही पोर्टात लावा, ती तीच राहते. पण सिरियल नंबर असलाच पाहिजे अशी यूएसबीच्या नियमात सक्ती नाही, आणि स्वस्तातल्या वस्तूंत बहुधा तो नसतो. मग विंडोज पोर्टच्या जागेवरून स्वतःच एक ओळख बनवतं. हे तपासता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या पानावर 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' नावाची लांब ओळ असते. तिच्या शेवटच्या तुकड्यात दुसरंच अक्षर & असेल तर समजावं की ओळख विंडोजने बनवलेली आहे, वस्तूची स्वतःची नाही. अशी वस्तू पोर्ट बदलला की नवी होते.

आणि आयपी पत्ता डोंगलमध्ये साठत नाही, हे लक्षात घ्या. पत्ता साठतो रजिस्ट्रीत, त्या नोंदीच्या नावाने. प्रत्येक नेटवर्क नोंदीला १२८ बिटांची एक ओळख मिळते आणि तिच्याखाली पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं लिहिलं जातं. डोंगल पुढच्या पोर्टात होता तेव्हा तो 'इथरनेट २' होता. पत्ता त्या नोंदीला दिला. मागच्या पोर्टात गेल्यावर झाला 'इथरनेट ३', कोरी पाटी. कोऱ्या पाटीचा नियम असा की राउटरकडून जो मिळेल तो पत्ता घ्यायचा. राउटरने १०३ दिला. नेट चालू! पण काउंटरवरचा कॉम्प्युटर बिचारा १० नंबरचं दार वाजवत बसलेला. नेट आहे आणि कागद नाहीत, याचा उलगडा हा.

कोणी म्हणेल, गेलेल्याची नोंद ठेवतातच कशाला? त्याचा फायदा आहे. १९९५ पूर्वी कार्ड बसवायचं तर जंपर हलवून आयआरक्यू जुळवावा लागे. विंडोज ९५ मध्ये प्लग अँड प्ले आलं आणि तेव्हापासून वस्तू लावा-काढा हे रोजचं झालं. तुम्ही कार्ड धूळ पुसायला काढलं आणि परत त्याच स्लॉटमध्ये बसवलं, तर पत्ता जसाच्या तसा हजर पाहिजे ना? म्हणून नोंद राहते. कोण कायमचा गेला आणि कोण दिवाळीच्या सुट्टीला गेला हे विंडोजला कळत नाही, इतकंच.

आता माझा शहाणपणा ऐका. मी फोनवरून उपाय सांगायला बसलो. शाळेच्या लॅबमध्ये विंडोज ७ वर आमच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती: कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सेट' लिहायचं, जागा सोडायची, मग डेव्हएमजीआर, अंडरस्कोर, शो, अंडरस्कोर, नॉनप्रेझेंट, अंडरस्कोर, डिव्हायसेस, बरोबरचं चिन्ह, १. मधे कुठेही जागा नाही. इंग्रजीत २७ अक्षरं आणि ३ अंडरस्कोर. हे मी चुडाव्याला फोनवर एकेक अक्षर करून सांगितलं. "व्ही म्हणजे वसमतचा?" "हो." "एम परभणीतला कुठला?" "मानवतचा." एकदा नॉनप्रेझेंटचा एक एन गेला, एकदा अंडरस्कोरच्या जागी डॅश आला. मागे रांगेतले लोक ओरडत होते. पाऊण तास गेला.

आणि दादाच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं, तिथे याची गरजच नव्हती! विंडोज ८ पासून डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस'वर टिचकी मारली की गैरहजर वस्तू आपोआप दिसतात. एक्सपी, व्हिस्टा, ७ यांच्यात ती ओळ आधी द्यावी लागायची. तीही ज्या काळ्या खिडकीत दिली, त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर सुरू केला तरच चालते, कारण अशी सेटिंग त्या खिडकीपुरतीच जिवंत असते. मायक्रोसॉफ्टचा आधार एक्सपीला ८ एप्रिल २०१४ ला आणि ७ ला १४ जानेवारी २०२० ला संपला. तरी लॅबमधल्या एखाद्या मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर अजून तसाच चालत असतो, म्हणून ती ओळ माहीत असावी. फोनवर सांगू नये.

शेवटी रविवारी पॅसेंजरने मीच गेलो. दुकान बंद होतं, रांग नव्हती, मावशीने भाकरी आणि ठेचा आत आणून दिला. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी, डिव्हाइस मॅनेजर, व्ह्यू, शो हिडन डिव्हायसेस, आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडलं. एवढी मोठी यादी!

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, म्हणून सावकाश सांगतो. या यादीत दोन जातीचे लोक असतात. काही लपलेले पण हजर. 'वॅन मिनीपोर्ट' नावाची सात-आठ मंडळी, ब्लूटूथचा अडॅप्टर, 'वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अडॅप्टर', 'कर्नल डीबग नेटवर्क अडॅप्टर', हे विंडोजचे घरचे लोक. मेनू चालू केल्यावर ते अचानक दिसायला लागतात आणि नवख्याला वाटतं की हेच चोर. त्यांना हात लावायचा नाही. दुसरे खरोखर गैरहजर. त्यांचं चित्र फिकट दिसतं, आणि प्रॉपर्टीज उघडल्या तर कोड ४५ लिहिलेला असतो, म्हणजे वस्तू सध्या जोडलेली नाही. पण नुसता फिकटपणा पुरेसा नाही. तो वाय-फाय डायरेक्टवाला कधी कधी फिकटही असतो. म्हणून प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू कोणती, कोणी लावली होती, परत येणार आहे का? उत्तर देता आलं तरच काढायचं.

दादाच्या यादीत फिकट होते: मदरबोर्डचा जळालेला रिअलटेक, डोंगलच्या तीन प्रती, कारण तो तीन पोर्टांत फिरून चौथ्यात आला होता, आणि मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतल्यावर येतो तो 'रिमोट एनडिस'. मोबाइलचा मी ठेवला. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि दादा मोबाइल लावतो, म्हणजे तो रोज संध्याकाळी परत येणारा. बाकी चौघांवर एकेक करून उजवी टिचकी, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. तिथे ड्रायव्हरही पुसू का असा चौकोन येतो. तो रिकामा ठेवायचा! फिकट डोंगल आणि जिवंत डोंगल एकाच ड्रायव्हरवर चालतात, एकाचा पुसला तर दुसराही लंगडा होतो.

चार काढायचे होते, मी पाच काढले. घाईत शेवटची टिचकी जिवंत डोंगलवर बसली आणि नेट बंद. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण यात फार बिघडत नाही. अ‍ॅक्शन मेनूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दिलं की विंडोज समोरची वस्तू पुन्हा ओळखतं. ती आली, आणि रजिस्टर मोकळं असल्याने नावही थेट 'इथरनेट' मिळालं. पत्ता मात्र पुन्हा द्यावा लागला. १९२.१६८.१.१० टाकला, गेटवे १९२.१६८.१.१, ओके. यावेळी एकही प्रश्न आला नाही.

मी विजयी मुद्रेने काउंटरवर जाऊन शॉर्टकट उघडला. उघडेना.

पुढचा तास मी वाया घालवला हे कबूल करतो. पुन्हा यादी पाहिली, रजिस्ट्रीत जाऊन उरलासुरला काही आहे का शोधलं, केबल बदलली, दोन्ही कॉम्प्युटर बंद-चालू केले. एकदा फिकट अडॅप्टर सापडले की प्रत्येक दोष त्यांच्याच माथी मारावासा वाटतो. शेवटी डोकं थंड करून उलट दिशेने गेलो. आतल्या कॉम्प्युटरवरून काउंटरला पिंग केलं, उत्तर आलं. काउंटरवरून आतल्याला केलं, उत्तर नाही. म्हणजे तार ठीक, पत्ता ठीक, एकाच बाजूचं दार बंद. दार बंद करणारा कोण? फायरवॉल.

तो का बंद झाला हेही ओळखीचंच प्रकरण निघालं. विंडोज नुसत्या वस्तूंची नाही, नेटवर्कचीही ओळख ठेवतं, आणि घरगुती नेटवर्क ओळखतं मुख्यतः राउटरच्या मॅक पत्त्यावरून. राउटर विजेने गेला होता, नवा आला, म्हणजे विंडोजच्या लेखी हे परकं नेटवर्क. अशा वेळी बाजूला एक पट्टी सरकून येते: या नेटवर्कवर इतरांना तुमचा कॉम्प्युटर दिसू द्यायचा का? दादाने काय दाबलं असेल हे आता तुम्हीच सांगा. 'नाही' म्हटलं की नेटवर्क 'पब्लिक' धरलं जातं, एसटी स्टँडवरच्या फुकट वाय-फायसारखं, आणि फोल्डर शेअरिंग बंद होतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे 'प्रायव्हेट' निवडलं. काउंटरवर कागद दिसले.

म्हणजे दोष दोन होते. फिकट अडॅप्टरांमुळे पत्ता टिकत नव्हता, आणि टिकला असता तरी दार उघडलं नसतं. विजेने दोन वस्तू एकाच रात्री मारल्या, म्हणून दोन्ही दोष एकदम आले आणि एकच वाटले. यादी साफ करून मी घरी निघून आलो असतो तर सोमवारी पुन्हा फोन आला असता.

आता कॉलेजच्या कामाचं थोडं. यादी साफ करायचा एक झटपट मार्ग विंडोज १० च्या २०१६ मधल्या अपडेटपासून सेटिंग्जमध्ये आहे, 'नेटवर्क रीसेट' नावाचा. हॉस्टेलमध्ये नेट गेलं की पहिला सल्ला हाच मिळतो. तो सगळेच नेटवर्क अडॅप्टर काढून नव्याने बसवतो, हाताने दिलेले पत्ते जातात, व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीनची जोडणी पुन्हा करावी लागू शकते. उंदीर झाला म्हणून सगळं हॉस्टेल रिकामं करण्यातला हा प्रकार. आधी यादी बघा.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी तर जास्तच जपावं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर टाकलं की ते स्वतःचे अडॅप्टर तयार करतात. हे सॉफ्टवेअरचे असले तरी काम करणारे आहेत. १९२.१६८.५६.१ असा पत्ता दिसला तर तो बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट-ओन्ली अडॅप्टर, त्याला भूत समजू नका. उलट व्हर्च्युअल मशीनच्या आत कार्डाचा प्रकार बदललात, समजा ई१००० काढून व्हीएमएक्सनेट३ दिलं, तर आतल्या विंडोजमध्ये जुनं कार्ड पत्त्यासकट फिकट होऊन बसतं. हुबेहूब चुडाव्याचं प्रकरण, फक्त वीज न पडता.

लिनक्सवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडेही हे होतं. पूर्वी यूडेव्ह एका फाइलीत मॅक पत्ता आणि नाव यांची जोडी लिहून ठेवायचं, फाइलीचं नाव '७०-परसिस्टंट-नेट'. कार्ड बदललं, किंवा व्हर्च्युअल मशीनची नक्कल केली आणि मॅक बदलला, की ईटीएच० गायब आणि ईटीएच१ हजर. कारण शून्य नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवलेला! त्या फाइलीतली ओळ पुसली की काम व्हायचं. २०१३ च्या सुरुवातीला सिस्टिमडीने पद्धत बदलली. आता ईएनपी३एस० असं नाव येतं, म्हणजे तिसऱ्या बसवरचा शून्यावा स्लॉट. माणूस नाही, खोली लक्षात ठेवायची. त्याच स्लॉटमध्ये दुसरं कार्ड बसवा, नाव तेच राहतं. पण मधे एखादं ग्राफिक्स कार्ड घातलं आणि बसचे नंबर सरकले, तर नाव बदलतं. पद्धत कुठलीही घ्या, कुठेतरी अडतंच.

ज्यांच्या विभागात लायसन्सची सॉफ्टवेअर आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. बरीच इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर लायसन्स सर्व्हरच्या मॅक पत्त्याला बांधलेली असतात. मॅक पत्ता ४८ बिटांचा, त्यातले पहिले २४ कंपनीचे. कार्ड जळालं की तो पत्ताही गेला, आणि फिकट नोंद ठेवून किंवा काढून तो परत येत नाही. तिथे डिव्हाइस मॅनेजरशी खेळण्यात अर्थ नाही, नव्या मॅक पत्त्यावर लायसन्स फाइल मागवावी लागते. लायसन्स सर्व्हरचा मॅक पत्ता आजच वहीत लिहून ठेवा, कार्ड गेल्यावर तो वाचायला मिळत नाही.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी नेटवर्कला हात न लावता साध्या यूएसबी माउसवर बघावं. लॅपटॉपच्या प्रत्येक पोर्टात तो एकदा लावा, क्षणभर थांबा, काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेल्या वस्तू दाखवून 'माइस' उघडा. माझ्या लॅपटॉपवर ९ फिकट माउस निघाले. माउस मी आयुष्यात दोनच घेतलेत. बाकी रूममेटांनी न विचारता लावलेले असणार!

दादाच्या दुकानातून निघण्याआधी मी एक बदल केला. आतल्या कॉम्प्युटरवर हाताने दिलेला पत्ता काढून टाकला आणि राउटरमध्ये जाऊन सांगून ठेवलं की या मॅक पत्त्याचा कॉम्प्युटर आला की त्याला नेहमी १० नंबरच द्यायचा. बहुतेक राउटरांत ही सोय 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाने असते. पोर्ट बदलला तरी डोंगलचा मॅक तोच राहतो, त्यामुळे विंडोजच्या रजिस्टरात काय लिहिलंय याच्याशी पत्त्याचा संबंधच उरला नाही. उद्या डोंगलच बदलला तर राउटरमधली ओळ बदलावी लागेल, ते दादाला कागदावर लिहून दिलं. डोंगलवर पट्टी चिकटवली: काढू नये.

पंधरा दिवसांनी फोन आला. अंगठ्याच्या मशीनसाठी पोर्ट कमी पडतात म्हणून दादाने यूएसबी हब आणला होता आणि डोंगल पट्टीसकट हबमध्ये लावला होता.

"आता इथरनेट २ दाखवायलंय रे," तो म्हणाला.

"आणि कागद?"

"कागद दिसायलेत की. म्हणूनच विचारतोय, दिसायलेत कसे?"

मी त्याला आयपी बघायला सांगितला. नाव बदललं होतं, शेवटचा आकडा १० च होता.